खुर्चीचा कायदा कुणी केला

"पान एकशे बारा राहू दे," आई म्हणाली. "ते मला ठाऊक आहे. पुढचं वाच."

थोरलीनं चष्मा कपाळावर सरकवला. सहा वर्षं ती अण्णांचं, म्हणजे आपल्या दिवंगत मंत्री वडिलांचं, चरित्र लिहीत होती. आईच्या डोळ्यांना आता छापलेलं दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रकरण तिनं आईला वाचून दाखवलं होतं, आणि दर वेळी हे पान आलं की आई असंच अंग काढून घ्यायची.

"अगं, आज मला खाली सगळ्यांसमोर तेच वाचायचंय. एकदा तुझ्या कानावरून जाऊ दे."

थोरलीनं घसा साफ केला.

"'सकाळपासून उभी असलेली ती सात महिन्यांची गरोदर स्त्री कापडाच्या त्या दुकानात साहेबांच्या डोळ्यांदेखत कोसळली. साहेबांनी तिला स्वतः सावरलं. त्यांचे डोळे भरून आले. या देशातली एकही कामकरी बाई यापुढे दिवसभर उभी राहणार नाही, असं त्यांनी तिथंच मनाशी ठरवलं. खुर्चीचा कायदा जन्माला आला तो असा, एका माणसाच्या काळजात.'"

ही गोष्ट देशातल्या शाळकरी पोरांनाही पाठ होती. चौथीच्या पुस्तकात धडा होता, चित्रासकट. थोरली तर चौतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायला होती आणि त्या धड्याच्या बारा आवृत्त्या तिच्याच हाताखालून गेल्या होत्या. दर आवृत्तीला आपल्या वडिलांचे भरलेले डोळे वाचताना तिचेही भरून यायचे, आणि शेजारच्या टेबलावरचा खिळे जुळवणारा जुळारी म्हणायचा, "बाई, शाई फिसकटेल."

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"भाषा चांगली आहे," आई म्हणाली.

एवढंच. शहाऐंशी वर्षांची बाई, पाठ ताठ, तोंड खिडकीकडे. खिडकीतून खालचं फाटक दिसायचं, मंत्र्याच्या याच सरकारी बंगल्याचं. म्हणजे आईला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर परवापासून चाळीसेक बायका बसल्या होत्या, आणि बसल्या होत्या त्या घरून आणलेल्या खुर्च्यांवर. जेवणाच्या टेबलाच्या, प्लॅस्टिकच्या, एक तर चाकांची. गोदामात माल बांधणाऱ्या बायका त्या. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, त्या खोक्यात भरून, पट्टी लावून, अकरा तास उभ्यानं पुढं ढकलायच्या. कायद्यात 'दुकान' होतं, 'कारखाना' होता. गोदाम म्हणजे दुकानही नाही आणि कारखानाही नाही, असं मालकांचे वकील कोर्टात सांगायचे आणि जिंकायचे. बायकांची मागणी एका शब्दाची होती. कायद्यात 'गोदाम' घाला.

ती मागणी ज्या मंत्र्याकडे होती ती थोरलीची भाची. अण्णांची नात, चौतीस वर्षांची कामगारमंत्री, घरातली चिमी. आज सकाळी अकरा वाजता, खुर्चीच्या कायद्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, तिच्याच बंगल्यात तिच्याच हस्ते आजोबांच्या चरित्राचं प्रकाशन होतं.

दार वाजलं नाही, उघडलंच. चिमी आली ती कानाला फोन लावून, मागे तिचा बाप, थोरलीचा भाऊ. त्याला घरात सगळे वकीलच म्हणत, त्याची आईसुद्धा.

"आत्या, तू अजून तयार नाहीस? पत्रकार यायला लागलेत." मग फोनमध्ये, "हां, बोला... नाही, पाहुण्यांच्या गाड्या मागच्या दारानं कशा येतील? समोरचाच रस्ता मोकळा हवा. हे बघा, बायका आहेत, हळू उचला. पण उचला."

आईच्या हातातली काठी खाली पडली.

"चिमे," ती म्हणाली. "फोन ठेव."

"एक मिनिट, आजी."

"फोन ठेव म्हणते ना!"

या बाईनं आवाज चढवलेला थोरलीनं बासष्ट वर्षांत ऐकला नव्हता. चिमीनंही ऐकला नसावा. तिनं बोलणं अर्धवट टाकून फोन बंद केला.

"काय म्हणालीस आत्ता? परत म्हण."

"अगं, त्या फाटकाबाहेरच्या..."

"'बायका आहेत, हळू उचला. पण उचला.' असंच ना? शब्दाला शब्द तेच म्हणाले होते हे." हे म्हणजे अण्णा. नवऱ्याचा उल्लेख आई अजून तसाच करायची. "बावन्न वर्षांपूर्वी. ट्रंक कॉलवर."

"आई," वकील पुढं झाला, "तुला बरं वाटत नाहीये. ताई, तिला पाणी दे."

"मला ठणठणीत वाटतंय. थोरले, दार लाव आणि बस. तुझ्या त्या पानावर जे आहे ते मी रचलंय."

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. म्हातारपणी माणसं शब्द गाळतात, दोन गोष्टी एकात घालतात. तिनं चष्मा नाकावर घेतला, जणू त्यानं नीट ऐकू येणार होतं.

"कसलं दुकान न् कसली भोवळ!" आई म्हणाली. "यांनी त्या बाईला दुकानात कधी पाहिलंच नाही. ती आपल्या फाटकाबाहेर बसली होती. दीडशे जणी होत्या. घरून खुर्च्या घेऊन आल्या होत्या आणि म्हणत होत्या, दुकानात बसू देत नाहीत तर मंत्र्याच्या दारात बसू. हे पहिले आठ दिवस गाडीची काच वर करून जायचे. नवव्या दिवशी दौऱ्यावर गेले आणि तिथून पोलीस आयुक्ताला फोन केला. मी तेव्हा टेलिफोन खात्यात पर्यवेक्षक होते. मुलींनी जोडलेल्या लाइनी मधूनमधून कानाला लावून बघणं हे माझं कामच. ऐकून सोडून द्यायचं असतं, लक्षात ठेवायचं नसतं. आवाज ओळखीचा निघाला, मी सोडलं नाही."

खाली हॉलमध्ये कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं.

"पोलिसांनी हळूच उचललं, खोटं कशाला बोलू? पण एक बाई उठेना. कापडाच्या दुकानातली, उंच, सात महिन्यांची. एका शिपायानं तिची खुर्ची मागून ओढली. तिची खुर्ची काढली की ती उठेल, एवढंच त्याच्या डोक्यात. ती तशीच रस्त्यावर आपटली." आईनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "मूल गेलं तिचं."

आपण लिहिलेलं वाक्य थोरलीच्या डोळ्यांपुढं नाचत होतं, 'साहेबांनी तिला स्वतः सावरलं', आणि त्यातलं 'सावरलं' हे क्रियापद तिनं तीनदा बदलून मग पक्कं केलं होतं, हेही आठवत होतं.

"मग तू काय केलंस?" चिमीनं विचारलं.

"तुझ्या आत्याला आणि बापाला मामाकडे धाडलं. मला टायफॉइड झालाय म्हणून सांगितलं. आणि आपल्या जेवणघरातली एक खुर्ची उचलून फाटकाबाहेर जाऊन बसले."

"आपल्या फाटकाबाहेर? अण्णांच्या?" थोरलीनं विचारलं.

"माझंही घर होतं ते. उचललेल्या बायका परत येऊन बसल्या आणि त्यांच्यात मी, आठ दिवस."

टायफॉइड! थोरलीला मामाच्या घरची ती खोली आठवली, रोज रात्री आई जगू दे म्हणून भिंतीकडे तोंड करून रडणारी दहा वर्षांची ती स्वतः आठवली. आणि लगेच दुसरंही आठवलं. अण्णांच्या रोजनिशीत त्या महिन्यातली आठ पानं कोरी होती. तिनं त्यावर पूर्ण परिच्छेद लिहिला होता. 'पत्नीच्या दुर्धर आजारपणात साहेब खचून गेले होते.'

"वर्तमानपत्रांत का नाही आलं काही?"

"मंत्र्याची बायको मंत्र्याच्या दारात? यांनी एकेका संपादकाला घरी बोलावून चहा पाजला. पण सभागृहात कुजबुज व्हायला लागली आणि मग यांना घाम फुटला. आठव्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी आले. मला म्हणाले, 'मी आता मागे हटलो तर दीडशे बायकांपुढं वाकलेला मंत्री म्हणून हसतील सगळे. मला खाली उतरायला काहीतरी दे.' म्हणून मी दिली गोष्ट. त्याच बाईची. फक्त ती कुठं पडली ते बदललं आणि यांचे डोळे ओले केले."

"आणि ती बाई?" थोरलीनं विचारलं. "तिला विचारलंस?"

"दवाखान्यात जाऊन विचारलं. ती म्हणाली, 'कायदा होणार असेल तर मी कुठं पडले ते कुणाला काय करायचंय.'" "मला वाटलं होतं, चार दिवस चालेल ही गोष्ट. पुस्तकात जाईल असं वाटलं नव्हतं. आता पोरं काय शिकतात? मंत्र्याचं काळीज भरून आलं की कायदा होतो. मग बसतात सगळे, कधी कुणाचं भरून येतंय त्याची वाट बघत. हे माझं पाप आहे, थोरले. तुझं पुस्तक चांगलं आहे गं, पण ते माझ्या पापावर उभं आहे."

वकिलानं घड्याळ पाहिलं. घड्याळ पाहण्याची ती रीत थोरलीनं ओळखली. लहानपणी बरणीतली बिस्किटं कुणी खाल्ली असं विचारलं की हा असाच भलतीकडे बघायचा.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"ताई, ही वेळ आहे का?"

"तुला ठाऊक होतं!"

"अण्णांनी सांगितलं होतं शेवटच्या आजारात. तू तेव्हा औषध आणायला गेली होतीस." वकिलाची नजर जमिनीवर होती. "म्हणाले, थोरलीला सांगू नकोस, ती मला देव मानते. मी काय करायला हवं होतं?"

"सहा वर्षं, वकिला. दर रविवारी तुझ्या घरी येऊन मी तुला पानं दाखवत होते. तू स्वल्पविराम सुचवायचास मला!"

वकील खुर्चीच्या पाठीला टेकला. मग कोर्टातला आवाज काढून म्हणाला, "बरं. सगळं खरं धरून चालू. पुढं काय? खाली शंभर माणसं आहेत. निवडणूक पाच महिन्यांवर आहे. या पोरीच्या पाठीशी आहे काय, तर आजोबांची पुण्याई. ती आज तू धुऊन काढणार आणि मिळवणार काय? कायदा झाला ना शेवटी? कोट्यवधी बायका बसल्या ना खुर्चीवर? मग तो कुठून आला याचं उकरून काय काढायचं?"

मुद्दा बिनतोड वाटला क्षणभर. थोरलीनं चिमीकडे पाहिलं. या पोरीला अक्षरओळख तिनं करून दिली होती, प्रचारात दारोदार तिच्यासोबत हिंडून स्वतःचे गुडघे कामातून घालवले होते.

"चिमे, आधी तो फोन परत लाव. त्या पोलिसांना थांबायला सांग."

चिमीनं हातातला फोन पाहिला. लावला नाही.

"आत्या, तुला एक सांगू? गोदाममालकांच्या संघाची माणसं दर सोमवारी माझ्याकडे येतात. न चुकता, वर्षभर. नम्रपणे बोलतात, आकडेवारी देतात, जाताना पुढच्या सोमवारची वेळ घेऊन जातात. या बायका चौदा महिन्यांपूर्वी एकदा निवेदन देऊन गेल्या त्या परवा उगवल्या. माझ्या मनात काय आहे हा प्रश्नच नाही. मला त्यांचं पटतं. पण मंत्रिमंडळात मी तोंड उघडलं तर मला विचारतील, मागतंय कोण? मालक नको म्हणताहेत हे दिसतंय. हवंय म्हणणारे कुठं आहेत?"

"फाटकाबाहेर आहेत," आई म्हणाली. "तू त्यांनाच उचलायला सांगितलंस."

सचिव दारातून डोकावला, "बाईसाहेब, वेळ झाली," आणि ती त्याच्यामागून निघून गेली. वकील तिच्यामागून. जाताना दारातून वळून तो म्हणाला, "ताई, दोन परिच्छेद वाच आणि खाली बस. तुला माझी शपथ."

थोरली उठली. साडेदहा वाजून गेले होते. पुस्तक काखेत धरून ती जिना उतरली.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत दोन माजी मंत्री, शिक्षणखात्याचे संचालक, तिच्या छापखान्यातले जुने जुळारी. 'शाई फिसकटेल' म्हणणाऱ्यानं तिला बघून हात केला. मंचावर अण्णांचा मोठा फोटो होता, तोच चौथीच्या पुस्तकातला, ओल्या डोळ्यांचा. तो फोटो काढला तेव्हा अण्णांना सर्दी झाली होती, असं आई एकदा हसत म्हणाली होती. थोरली तेव्हा रागावली होती तिच्यावर.

भाषणं झाली. चिमीनं फीत सोडली, पुस्तक उंच धरलं, कॅमेरे लखलखले. तिचा आवाज स्थिर होता. 'माझ्या आजोबांचं काळीज' हे शब्द येताच ती किंचित अडखळली, पण ते फक्त थोरलीला कळलं. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता लेखिका स्वतः पान एकशे बारा वाचून दाखवतील."

थोरली माइकपाशी गेली. पान उघडलं. चौतीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं, चूक दिसली की तिच्यावर खूण करायची. लेखक कितीही मोठा असो, चूक ती चूक. ती कुणाच्या बापाची आहे असं तिनं कधी विचारलं नव्हतं.

"या पानावर चूक आहे," ती म्हणाली.

लोक हसले. बाई विनोद करताहेत असं वाटलं असणार.

"शुद्धलेखनाची नाही. मजकुराची. ही घटना घडली नाही." हसू विरलं. "ती बाई दुकानात पडली नाही. माझ्या वडिलांच्या फाटकाबाहेर पडली. दीडशे जणी सतरा दिवस तिथं बसल्या होत्या. माझ्या वडिलांनी त्यांना उठवायचा हुकूम दिला होता, आणि त्यात त्या बाईचं मूल गेलं. शेवटचे आठ दिवस माझी आई त्या बायकांत बसली, तेव्हा कुठं माझे वडील हलले. कायदा त्यांनी केला हे खरं. त्यांच्याकडून तो करून घेतला गेला, हे मला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. मी सहा वर्षं चुकीचं लिहिलं. मला माफ करा."

शिक्षणखात्याच्या संचालकांचं तोंड उघडंच राहिलं. मागून एक पत्रकार ओरडला, "बाई, हुकूम दिला म्हणजे नेमका काय दिला?"

वकील मंचाच्या पायरीवर आला होता. माइकची वायर त्याच्या पायाशी होती. त्यानं ती ओढली असती तर सगळं तिथंच थांबलं असतं, आणि ते त्याच्याही मनात आलं, हे थोरलीला दिसलं. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. वकिलानं वायरीला हात लावला नाही.

"'बायका आहेत, हळू उचला. पण उचला,'" थोरली म्हणाली. "हे त्यांचे शब्द. आणि हेच शब्द मी आज सकाळी या घरात परत ऐकले. फाटकाशी जाऊन बघा."

आधी कुणाला अर्थ लागला नाही. मग कॅमेरावाल्यांना लागला. खुर्च्या धडाधड मागे सरकल्या, आणि पाहता पाहता अर्धा हॉल दाराकडे धावला. चिमी मंचावर होती तिथंच, हातात पुस्तक, डोळे आत्यावर खिळलेले. त्या डोळ्यांत राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. तिथं नुसतं आश्चर्य होतं, तान्ह्या मुलाला पहिल्यांदाच फटका बसावा तसलं.

थोरली बाहेर आली तेव्हा अर्ध्या खुर्च्या पोलिसांच्या गाडीत चढल्या होत्या. खुर्च्यांच्या पायांचं नुसतं जंगल दिसत होतं गाडीत. ज्यांच्या खुर्च्या गेल्या त्या बायका रस्त्यावर मांडी घालून बसल्या होत्या. कॅमेरे दिसताच पोलीस अधिकाऱ्यानं हात वर करून शिपायांना थांबवलं. एक शिपाई चाकांची खुर्ची तशीच हातात धरून उभा राहिला, खाली ठेवू की वर चढवू हे न कळून.

थोरलीच्या गुडघ्यांना खाली बसणं मना होतं, तरी ती बसली. शेजारच्या चष्मेवाल्या बाईनं दंड धरून आधार दिला. हीच त्यांची पुढारी दिसत होती.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"मी पुस्तक लिहिलंय."

"कसलं?"

"चुकीचं," थोरली म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला रडू आलं.

चष्मेवालीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढं केली. तिच्या पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा होत्या, दोऱ्याची गुंडाळी सुटावी तशा.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. चिमी फाटकातून बाहेर आली. बरोबर सचिव नव्हता, बापही नव्हता. ती सरळ थोरलीपाशी येऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, ऊठ. घरात चल. काय बोलायचं ते आत बोलू. मी काय कुणी परकी आहे का?"

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. हिच्या बोटाला धरून तिनं हिला शाळेत सोडलं होतं. घरात गेलो की ही रडेल, आपण जवळ घेऊ, संध्याकाळपर्यंत सगळं मिटेल आणि रस्ताही मोकळा होईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"मंत्रीबाई," ती म्हणाली, "तुम्ही आधी या बायकांचा अर्ज घ्या."

'तुम्ही' ऐकून चिमी ताडकन सरळ झाली. चौतीस वर्षांत आत्यानं तिला अहोजाहो केलं नव्हतं, थट्टेतसुद्धा नाही. मग तिनं चष्मेवालीसमोर हात पुढं केला.

"द्या. मी यात लक्ष घालते."

"लक्ष मागच्या वेळीही घातलं होतं, बाई," चष्मेवाली म्हणाली. "विधेयक कधी मांडणार ते लिहून द्या."

चिमीनं अर्जाच्या खाली लिहिलं, 'येत्या अधिवेशनात.' चष्मेवालीनं कागद थोरलीपुढं धरला.

"येतं अधिवेशन दोन महिने चालतं," थोरली म्हणाली. "तारीख हवी, मंत्रीबाई."

चिमीनं खोडलं आणि 'एकवीस तारखेला' असं लिहून, महिना घालून सही केली. पेनाचं टोक कागदात रुतलं होतं. पोलिसांच्या गाडीकडे बघून ती म्हणाली, "त्या खुर्च्या उतरवा," आणि मागं न बघता आत गेली. पाहुण्यांच्या गाड्या मागच्या दारानं गेल्या. जाऊ शकत होत्या, म्हणजे.

दुपारी थोरली आईच्या खोलीत आली. दारात चपला काढून ती पलंगावर टेकली. आईपुढचा चहा निवून गेला होता.

"चिमी ओरडली का?"

"नाही. लिहून दिलं. एकवीस तारीख."

"वकील?"

"गाडी काढून गेला. माझ्याशी बोलला नाही." मग तिनं विचारलं, "आई, बाकीचं पुस्तक तरी खरं आहे का गं? त्यानंतर दोन वर्षं अण्णांनी सखोल अभ्यास केला आणि मग कायदा आणला, असं लिहिलंय मी."

"अभ्यास कसला!" आई म्हणाली. "यांनी शब्द दिला आणि आम्ही त्याच संध्याकाळी उठलो. खुर्च्या घेऊन, गाणी म्हणत घरी गेलो. मग दोन वर्षं मालकांची माणसं येत राहिली आणि मसुद्यातून एकेक शब्द गळत गेला. त्या बायकांच्या मूळ अर्जात तीन शब्द होते. दुकान, कारखाना, गोदाम."

थोरली आईकडे वळली.

"गोदाम तेव्हाच होतं?"

"होतं की. तिसरा शब्द गेला तेव्हा फाटकाशी कुणीच नव्हतं. मीही नव्हते." आईनं खिडकीकडे कान केला. "त्या उठल्या का?"

"माहीत नाही. निघायच्या तयारीत होत्या. खुर्च्या आवरत होत्या."

थोरली उठली, चपला पायात सरकवल्या आणि गुडघ्यांचा विचार न करता धडधडत जिना उतरायला लागली.